डोस कमी पडतोय, की दिवस चुकताहेत?

पत्राचा सारांश: एका ४१ वर्षांच्या वाचकांना वर्षभर सतत थकवा होता, कामेच्छा जवळजवळ संपली होती आणि सकाळची ताठरताही बंद झाली होती. सकाळी घेतलेल्या रक्ताच्या दोन वेगवेगळ्या तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक २१० आणि २३० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे कमी निघालं. गेले आठ महिने ते दर दोन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन एनान्थेटचं २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन घेतात. पहिले चार-पाच दिवस उत्साहात जातात. दहाव्या दिवसानंतर मन उतरतं, चिडचिड होते, घरच्यांवर आवाज चढतो. जिममधला मित्र हेच औषध दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेतो, म्हणजे बरोबर दुप्पट, आणि तो ‘एकदम फिट’ आहे. ‘माझं वजन त्याच्यापेक्षा वीस किलोंनी जास्त, मग मला डोस कमी का? डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे, रक्त जरा दाट झालंय, डोस वाढवायचा नाही. मित्र म्हणतो, डॉक्टर उगाच घाबरतात, मधल्या आठवड्यात एक जादा घे. औषध घरात आहे. घेऊ का?’ जाता जाता ते असंही लिहितात, की त्यांच्या घोरण्याने बायकोची झोप होत नाही आणि दोघांचा दुसऱ्या मुलाचा विचार चालू आहे.

नमस्कार,

ते जादा इंजेक्शन घेऊ नका. हे आधी सांगते, कारण पुढचं उत्तर लांबणार आहे आणि औषध तुमच्या हाताशी आहे. तुमचा त्रास खरा आहे, त्यावर उपायही आहे. पण तो उपाय डोस दुप्पट करण्यात असेल असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. मी तुम्हाला तपासलेलं नाही. त्यामुळे इथे लिहिलेलं तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी ठेवा, त्यांच्या जागी नको.

आधी आकड्यांकडे पाहू. दोन आठवड्यांना २०० म्हणजे आठवड्याला १०० मिलिग्रॅम. एनान्थेट किंवा सिपिओनेट या इंजेक्शनांसाठी संप्रेरकतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं आठवड्याला ७५ ते १०० किंवा दोन आठवड्यांना १५० ते २०० मिलिग्रॅम असा डोस सुचवतात. म्हणजे तुम्ही त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला आहात. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करतं. एनान्थेटच्या १०० मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष टेस्टोस्टेरॉन सुमारे ७२ मिलिग्रॅम असतं, बाकीचं वजन ते रक्तात हळूहळू उतरावं म्हणून जोडलेल्या एस्टर या रासायनिक भागाचं. हिशेब केला तर तुम्हाला रोज सुमारे १० मिलिग्रॅम मिळतं, तुमच्या मित्राला २० च्या आसपास. शरीर स्वतः जितकं करतं त्याच्या तिप्पट. तुमचा डोस कमी आहे असं तुम्ही गृहीत धरलंत, कारण मोजायला समोर मित्र होता. तुम्हाला कमी मिळतंय हे खरं नाही. मित्राला बरंच जास्त मिळतंय.

वजनाचा मुद्दाही तुम्हाला साहजिक वाटला असेल. बरीच औषधं किलोमागे किती अशी दिली जातात, पण प्रौढ पुरुषांत टेस्टोस्टेरॉन तसं देत नाहीत. सुरुवात ठरावीक डोसने करतात, मग रक्तातली पातळी आणि माणसाला वाटणारा फरक पाहून तो वर-खाली करतात. वजन चरबीमुळे जास्त असेल तर गणित आणखी वेगळं होतं. चरबीच्या पेशींमध्ये ॲरोमॅटेज नावाचं विकर असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रॅडिऑलमध्ये, म्हणजे इस्ट्रोजेनच्या मुख्य प्रकारात, रूपांतर करतं. जादा डोस टाकला की जादा इस्ट्रॅडिऑलही तयार होतं, आणि काहींना स्तन दुखणं किंवा वाढणं असे त्रास होतात. जिममध्ये यावर ‘इस्ट्रोजेन ब्लॉकर’ सुचवणारेही भेटतात. त्यांचं ऐकू नका. पुरुषाच्या हाडांना आणि कामेच्छेलाही इस्ट्रॅडिऑल लागतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन थांबवून त्यांना टेस्टोस्टेरॉनच्या त्वचेवर लावायच्या जेलचे वेगवेगळे डोस दिले होते. चरबी वाढण्यामागे मुख्यतः आणि कामेच्छा घटण्यामागे काही प्रमाणात इस्ट्रॅडिऑलची कमतरता आहे, असं त्यातून दिसलं.

याच प्रयोगातली दुसरी गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळची आहे. स्नायूंचं वजन, चरबी आणि कामेच्छा या सगळ्यांवर एकाच पातळीला परिणाम दिसला नाही, आणि माणसामाणसांतही पुष्कळ फरक होता. ‘इतकं टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरेसं’ अशी सगळ्यांना लागू पडणारी एकच रेघ मिळाली नाही.

हा फरक कुठून येतो? रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरतं. काही एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला घट्ट, काही अल्ब्युमिनला सैलसर. पूर्ण मोकळं असतं ते फक्त दोन-तीन टक्के. तुमच्या रिपोर्टवर ‘टोटल’ असं लिहिलेला आकडा या सगळ्यांची बेरीज असते. लठ्ठपणा, मधुमेह, थायरॉइडची कमतरता यांत एसएचबीजी घटतं. वय वाढतं तसं ते वाढतं. यकृताच्या काही आजारांत आणि थायरॉइड जास्त असतानाही वाढतं. म्हणून टोटल आकडा सारखाच असलेल्या दोन पुरुषांत मोकळं टेस्टोस्टेरॉन वेगवेगळं असू शकतं. एसएचबीजी कमी असेल तर औषध रक्तातून निघूनही लवकर जातं. त्यात पेशींमधल्या ग्राहीची, म्हणजे संप्रेरक ज्याला जाऊन चिकटतं त्या रिसेप्टरची, जनुकीय ठेवण प्रत्येकाची निराळी असल्याने तेवढ्याच संप्रेरकाला कुणाचं शरीर जास्त दाद देतं, कुणाचं कमी. जेल वापरणाऱ्यांत त्वचेचा फरक येतो: लावलेल्यातलं ढोबळमानाने दहावा हिस्सा आत जातं, आणि हे प्रमाणही माणसागणिक बदलतं. त्यामुळे एकाला ५० मिलिग्रॅम जेल पुरतं, दुसऱ्याला १०० लावूनही आकडा हलत नाही, मग त्याला इंजेक्शनकडे वळावं लागतं.

तुमचं वजन पाहता तुमचं एसएचबीजी कमी असण्याची शक्यता आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी ते किंवा मोकळं टेस्टोस्टेरॉन तपासलं होतं का, हे विचारा.

आता तुमच्या दहाव्या दिवसाकडे येते. मला या पत्रात सगळ्यात बोलकी गोष्ट ती वाटली. एनान्थेट घेतल्यावर एक ते तीन दिवसांत पातळी शिखरावर जाते आणि मग रोज उतरत जाते. २०० मिलिग्रॅम एकदम घेतलं तर सुरुवातीला ती नॉर्मलच्या वरच्या टोकापर्यंत किंवा त्याच्याही पलीकडे जाऊ शकते आणि दुसरा आठवडा संपता संपता बरीच खाली येते. पहिले चार-पाच दिवस उत्साह, दहाव्या दिवसापासून चिडचिड, हा तुमचा क्रम या चढउताराशी तंतोतंत जुळतो. मधल्या आठवड्यात आणखी २०० टाकलंत तर उतार भरून निघेल खरा, पण शिखरं आणखी उंच होतील आणि रक्त आणखी दाट होईल. त्याऐवजी तेच १०० मिलिग्रॅम दर आठवड्याला घेतलं तर महिन्याला औषध तेवढंच जातं आणि चढउतार निम्म्याच्या आसपास येतो. हे नवं नाही. आठवड्याला १०० पासून चार आठवड्यांना ४०० पर्यंतच्या वेळापत्रकांची तुलना १९८० सालीच झाली होती, आणि अंतर वाढवलं की पातळी टिकत नाही हे तेव्हाच दिसलं होतं. काही डॉक्टर आठवड्याचा डोस लहान सुईने त्वचेखाली द्यायला सांगतात. काहींना रोजचं जेल मानवतं. अनडेकॅनोएट हे लांब पल्ल्याचं इंजेक्शनही आहे: १००० मिलिग्रॅम, पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरं, पुढे १० ते १४ आठवड्यांनी एक. तुमच्या घरी मूल आहे, म्हणून जेलबद्दल एक खबरदारी. ते त्वचेच्या स्पर्शातून दुसऱ्याच्या अंगाला लागतं आणि लहान मुलांत अकाली वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात. लावल्यावर हात साबणाने धुवायचे, जागा सुकू द्यायची, कपड्याने झाकायची. यात हयगय चालत नाही.

इथेच तुमच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टचाही प्रश्न येतो. रक्त कितव्या दिवशी दिलंत? तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि डॉक्टरांनाही माहीत नसेल तर त्या आकड्यावरून काही ठरवणं अवघड आहे. तुमच्यासारख्या इंजेक्शनात दोन डोसांच्या बरोबर मध्ये रक्त द्यायचं असतं, म्हणजे सातव्या दिवशी, आणि तेव्हा पातळी नॉर्मल पट्ट्याच्या मध्यावर, साधारण ३५० ते ६०० च्या दरम्यान असावी असं धरतात. दुसऱ्या दिवशी दिलंत तर आकडा फुगलेला येईल, तेराव्या दिवशी दिलंत तर पडलेला. जेल वापरणाऱ्यांनी लावल्यानंतर दोन ते आठ तासांत रक्त द्यावं, अनडेकॅनोएट घेणाऱ्यांनी पुढच्या इंजेक्शनच्या अगदी आधी. एनान्थेटचा डोस किंवा अंतर बदललं की पातळी स्थिरावायला महिना-दीड महिना लागतो, त्याआधी तपासून उपयोग नाही. पुढच्या भेटीपर्यंत एका वहीत रोज एवढंच लिहा: इंजेक्शननंतरचा कितवा दिवस, झोप कशी झाली, मन कसं होतं, इच्छा होती का. दोन फेऱ्यांची नोंद घेऊन गेलात तर डॉक्टरांना तुमचं म्हणणं आकड्यांइतकंच स्पष्ट दिसेल.

‘रक्त जरा दाट झालंय’ हे डॉक्टरांचं वाक्य तुम्ही त्यांच्या भित्रेपणाचा पुरावा म्हणून लिहिलंत. मी ते वेगळं वाचते. टेस्टोस्टेरॉनमुळे लाल पेशी वाढतात, आणि जेलपेक्षा इंजेक्शनांनी जास्त. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा, ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर औषध थांबवायचं, ते खाली आल्यावर कमी डोसने पुन्हा सुरू करायचं, असा नियम आहे. तुमचा आकडा किती आहे ते विचारून लिहून ठेवा. आणि घोरण्याबद्दलही त्याच भेटीत सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, असेल तर थकवा, चिडचिड, मंदावलेली इच्छा हे सगळं त्यानेही होतं. तो लाल पेशी वाढवतो, आणि गंभीर असताना त्यावर उपचार न करता टेस्टोस्टेरॉन सुरू करू नये असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुमच्या दिवसभराच्या थकव्याचा काही भाग रात्रीच्या श्वासात असेल, तर कितीही इंजेक्शनं घेतली तरी तो जाणार नाही. वजन उतरवल्याने दोन्हीकडे फायदा होतो: श्वास सुधारतो आणि अनेकांत शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉनही काही प्रमाणात वाढतं.

हृदयाच्या धोक्याबद्दल ‘आता संशोधनाने सिद्ध झालंय, काही होत नाही’ असं जिममध्ये ऐकू येतं. ते ज्या अभ्यासाबद्दल बोलतात तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला ट्रॅव्हर्स. हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले ४५ ते ८० वयाचे पाच हजारांवर पुरुष त्यात होते. हार्ट ॲटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू जेल घेणाऱ्यांत नकली जेल घेणाऱ्यांपेक्षा वाढलेले दिसले नाहीत, ही खरीच दिलासा देणारी गोष्ट आहे. मात्र हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसात गुठळी जाणं आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होणं हे प्रकार औषध घेणाऱ्यांत जास्त आढळले. शिवाय त्या अभ्यासात टेस्टोस्टेरॉन ३५० ते ७५० च्या दरम्यान राहील असा डोस सतत जुळवला जात होता आणि हिमॅटोक्रिटवर लक्ष होतं. आठवड्याला २०० घेऊन तपासणी न करणाऱ्याला तो दिलासा लागू होत नाही.

मित्र फिट दिसतो, हे मी नाकारत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६१ निरोगी तरुणांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन औषधाने बंद करून त्यांना वीस आठवडे दर आठवड्याला २५ ते ६०० मिलिग्रॅम एनान्थेट दिलं होतं. डोस जसा वाढला तसे स्नायू वाढले. पण लैंगिक क्षमता आणि मनःस्थिती यांत कोणत्याच डोसला लक्षणीय फरक पडला नाही. शिवाय डोस वाढला तसं हिमोग्लोबिन वाढलं आणि चांगलं कोलेस्टेरॉन घटलं. मित्राचे दंड डोसमुळे भरले असतील. तुम्ही मात्र डॉक्टरांकडे दंडांसाठी गेला नव्हतात. थकव्यासाठी आणि हरवलेल्या इच्छेसाठी गेला होतात. कमी डोस म्हणजे आपण कुठेतरी कमी पुरुष, असं मनात येत असेल तर ते स्वतःशी एकदा बोलून बघा. जी पातळी निरोगी पुरुषांच्या मधोमध आहे ती तुमच्यासाठीही पुरेशी असू शकते, मग तिथे पोचायला कुणाला ७० लागो, कुणाला १२०.

आता ज्या गोष्टीला तुम्ही पत्रात अर्धी ओळ दिलीत, तिच्याबद्दल.

तुम्हाला दुसरं मूल हवंय. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं सोडणं जवळजवळ थांबवते. वृषणांना त्यांच्याकडूनच काम करण्याचा आदेश मिळतो. आदेश थांबला की वृषणांच्या आतलं टेस्टोस्टेरॉन कोसळतं आणि शुक्राणू तयार होणं मंदावतं किंवा बंद होतं. रक्तातला आकडा छान असतानाही हे घडतं. हा परिणाम इतका ठळक आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून याची चाचणी घेतली होती. तिचे निष्कर्ष १९९० मध्ये आले. निम्म्याहून जास्त पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नव्हता. त्या चाचणीत दिलेला डोस होता आठवड्याला २०० मिलिग्रॅम एनान्थेट. मित्र तुम्हाला जो डोस सुचवतोय, नेमका तोच. (म्हणून हे औषध घेताना गर्भधारणा होणारच नाही असं मात्र कुणी समजू नये. काहींत शुक्राणू टिकून राहतात.)

तुमचा सध्याचा डोसही हे करायला पुरेसा आहे, आणि तुम्ही तो आठ महिने घेत आहात. म्हणून माझ्या दृष्टीने तुमच्यापुढचा खरा निर्णय १०० की २०० हा नाही. या औषधावर सध्या राहायचं का, हा आहे. नजीकच्या काळात मूल हवं असलेल्या पुरुषांना टेस्टोस्टेरॉन सुरू करू नये, अशी शिफारस आहे. तुमचा विचार उपचार सुरू झाल्यानंतरचा असेल, किंवा कुणी विचारलं नसेल. दोष कुणाचा हे शोधण्यात वेळ घालवू नका, पण पुढच्या भेटीची वाट न पाहता या आठवड्यातच डॉक्टरांना फोन करून हे सांगा.

औषध मनाने एकदम बंद करू नका. आठ महिने झोपलेली यंत्रणा लगेच जागी होत नाही, मधले आठवडे फार थकव्याचे आणि उदासीचे जाऊ शकतात. डॉक्टर आधी वीर्यतपासणी करायला सांगतील. शुक्राणू सापडले तर ते गोठवून ठेवता येतील का, हे विचारा. मग उपचारापूर्वीचे एलएच आणि एफएसएचचे आकडे जुन्या रिपोर्टांत शोधा, कारण पुढचा रस्ता त्यांवर ठरतो. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही ते कमी किंवा साधारण होते, तर अडचण वरच्या आदेशात आहे. अशा पुरुषांना एलएचसारखं काम करणाऱ्या एचसीजीची इंजेक्शनं, गरज पडल्यास जोडीला एफएसएच, किंवा काहींना क्लोमिफेनच्या गोळ्या देऊन शरीराचं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू दोन्ही वाढवता येतात. ते आकडे चढलेले होते, तर वृषणांतच दोष आहे आणि तिथे वंध्यत्वतज्ज्ञांची मदत लवकर घ्यावी लागते. तेव्हा ही तपासणी झालीच नसेल, तर तेही सांगा. औषध चालू असताना ते दबलेले येणार, त्यांवरून मूळ कारण कळणार नाही.

बहुतेकांत टेस्टोस्टेरॉन थांबवल्यावर सहा महिने ते वर्षभरात शुक्राणू परततात, काहींना दोन वर्षंही लागतात. म्हणून तुमच्या पत्नींचं वय या निर्णयात महत्त्वाचं आहे, आणि त्यांना हे सगळं माहीत असायला हवं. त्यांनी मूल होण्याची वाट पाहत महिने मोजावेत आणि कारण तुमच्या इंजेक्शनमध्ये असावं, हे त्यांच्यावर अन्याय करणारं होईल. डॉक्टरांकडे दोघं मिळून जा. तुमच्या चिडचिडीचा कितवा दिवस असतो, रात्री घोरताना श्वास थांबतो का, हे तुमच्यापेक्षा त्याच नीट सांगतील.

मूल झाल्यावर, किंवा आता नको असं दोघांनी ठरवलं तर, टेस्टोस्टेरॉनकडे परत येता येईल. तेव्हा आठवड्याच्या लहान डोसने सुरुवात, सहा आठवड्यांनी योग्य दिवशी रक्त, मग २० ते २५ मिलिग्रॅमने वर किंवा खाली, अशा पायऱ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

मित्रालाही एक गोष्ट विचारा: हिमोग्राम शेवटचा कधी केला? करून सहा महिने होऊन गेले असतील तर त्याला याच आठवड्यात करायला सांगा. हिमॅटोक्रिट ५४ च्या वर निघालं, तर पुढचं इंजेक्शन न घेता त्याने आधी डॉक्टरांना गाठावं. छातीत दुखणं, अचानक दम लागणं किंवा एका पायाला सूज असेल तर रिपोर्टचीही वाट न पाहता थेट इस्पितळात जावं.